पहिली टँडम उडी: दाराचं राहू द्या, पायांची तयारी करा

टँडम स्कायडायव्हिंगला, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन विमानातून पॅराशूटने उडी मारायला, निघालेल्या माणसाची झोप उडवतं ते विमानाचं दार. १३,००० फुटांवर ते उघडणार, खाली ढग दिसणार आणि आपण बाहेर कसं पडणार? मीही महिनाभर रोज रात्री हेच डोळ्यांपुढे आणत होते. प्रत्यक्षात दारात तुम्हाला करण्यासारखं जवळजवळ काही नसतं. पाठीला बांधलेला इन्स्ट्रक्टर पुढे झुकतो आणि तुम्ही दोघं बाहेर असता. तुमचं खरं काम येतं अगदी शेवटी, जमीन जवळ आल्यावर, जेमतेम दहा सेकंदांचं. टँडममध्ये पाहुण्या माणसाला दुखापत होते ती बहुतेक वेळा उतरतानाच: घोटा मुरगळतो, पाय मोडतो, माकडहाडावर आपटतं. आणि ती टाळण्याचा उपाय साधा आहे: सांगितल्याबरोबर दोन्ही पाय वर उचलायचे आणि सांगेपर्यंत खाली सोडायचे नाहीत.

मी शेहेचाळिसाव्या वर्षी दुबईत उडी मारली. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला आहे, त्याच्यासोबत. डोंबिवलीहून निघण्याआधी जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

तुमच्या पाठीवर नेमकं काय असतं

टँडममध्ये दोन माणसं एकाच पॅराशूटखाली उतरतात. पॅराशूटची पाठपिशवी इन्स्ट्रक्टरच्या पाठीवर असते. तुम्ही फक्त हार्नेस घालता, म्हणजे खांदे, छाती, कंबर आणि मांड्यांभोवतीचे जाड पट्टे. तो हार्नेस इन्स्ट्रक्टरच्या हार्नेसला चार ठिकाणी अडकवतात: दोन कड्या खांद्यांशी, दोन कमरेशी.

पाठपिशवीत मुख्य पॅराशूट असतं आणि त्याच्या वर, स्वतंत्र कप्प्यात, राखीव पॅराशूट. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर इन्स्ट्रक्टर ते एका झटक्यात सोडून देतो आणि राखीव उघडतो. हे सोडून देणं जमतं ते खांद्यावरच्या एकात एक अडकवलेल्या तीन कड्यांमुळे. ही युक्ती बिल बूथ या अमेरिकन माणसाची, १९७०च्या दशकातली. टँडमची आजची साधनसामग्री विकसित करण्यातही त्याचा मोठा वाटा आहे.

तिसरी गोष्ट दिसत नाही, पण मला सगळ्यात जास्त धीर तिनेच दिला. पाठपिशवीत साबणाच्या वडीएवढं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. समजा इन्स्ट्रक्टर बेशुद्ध पडला आणि दोघंही पॅराशूट न उघडता वेगाने खाली येत राहिले, तर साधारण १,९०० फुटांवर ते यंत्र आपणहून राखीव पॅराशूट उघडतं. जर्मनीतलं सायप्रेस नावाचं यंत्र १९९१ साली बाजारात आलं आणि तेव्हापासून अशा यंत्रांनी कितीतरी जीव वाचवले.

धोका नाहीच असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे उडी मारू नका. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ साली तिथे सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. हे सगळ्या प्रकारच्या उड्यांचे आकडे आहेत, आणि जाणाऱ्यांत बहुतेक स्वतंत्र उड्या मारणारे अनुभवी लोक असतात. टँडमसाठी तीच संघटना साधारण पाच लाख उड्यांमागे एका पाहुण्याचा मृत्यू असा अंदाज सांगते. घरच्यांना हा आकडा दाखवा. लपवून जाऊ नका.

कुठे मारायची

मराठी माणसासाठी दोन सरळ पर्याय आहेत. पहिला हरियाणातलं नारनौल. दिल्लीहून गाडीने साधारण तीन तास. बाछोद गावाजवळच्या धावपट्टीवर हे केंद्र आहे. १३ जुलै २०२४ला, जागतिक स्कायडायव्हिंग दिनी, केंद्रीय पर्यटनमंत्री गजेंद्रसिंह शेखावत यांनी इथेच टँडम उडी मारली होती. इथली नेहमीची उंची १०,००० फुटांची. मध्य प्रदेशात उज्जैनजवळ पर्यटन मंडळाचा स्कायडायव्हिंग महोत्सवही भरतो, पण तो हंगामी.

दुसरा पर्याय दुबई. पाम जुमेराच्या शेजारी, समुद्राला लागून ड्रॉप झोन, म्हणजे उडी मारून उतरायची जागा, आहे आणि उडी १३,००० फुटांवरून. खाली ताडाच्या झाडाच्या आकाराचं बेट, एका बाजूला मरीनाचे टॉवर, दुसऱ्या बाजूला निळं पाणी. वाळवंटातही त्यांचं दुसरं केंद्र आहे.

३,००० फुटांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, अनुभवात नाही. पॅराशूट दोन्हीकडे साधारण ५,००० ते ५,५०० फुटांवर उघडतं. म्हणजे १०,०००वरून उडी मारली तर मोकळं पडणं ३० ते ३५ सेकंदांचं, १३,०००वरून ५० सेकंदांच्या आसपास. पहिले दहा-बारा सेकंद मेंदूला काही उमगतच नाही, त्यामुळे वरचे ते १५-२० सेकंद फार मोलाचे. पण खर्चही बघायला हवा. नारनौलला साधारण तीस हजारांच्या घरात काम होतं. दुबईत दोन हजार दिरहमच्या वर जातात, शिवाय विमानाचं तिकीट आणि व्हिसा. उडीसाठी म्हणून मुद्दाम दुबईला जाऊ नका. जाणं होतच असेल, कुणी नातेवाईक तिकडे असेल, तर मात्र ही संधी सोडू नका.

हंगामाचं एक लक्षात ठेवा. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुकं असतं आणि पावसाळ्यात ढग. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च चांगले. दुबईत नोव्हेंबर ते मार्च.

पैसे भरण्याआधी फोन करून चार प्रश्न विचारा. इन्स्ट्रक्टरकडे टँडमचा परवाना कुणाचा आहे आणि त्याच्या स्वतःच्या उड्या किती? (अमेरिकन संघटनेच्या नियमानुसार टँडम इन्स्ट्रक्टर व्हायला किमान ५०० उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. बहुतेकांच्या उड्या याच्या कितीतरी पट असतात.) राखीव पॅराशूट शेवटचं कधी तपासून बांधलं? अमेरिकेत दर १८० दिवसांनी परवानाधारक माणसाकडून ते पुन्हा बांधून घ्यावंच लागतं. आपोआप उघडणारं यंत्र बसवलेलं आहे का? आणि हवा बिघडली तर माझ्या पैशांचं काय?

हा चौथा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका शिबिरासाठी मी सगळे पैसे आगाऊ भरले. दोन दिवस वारा थांबला नाही, शिबिर गुंडाळलं, नवी तारीख कधी आलीच नाही आणि पैसेही नाहीत. वाऱ्यामुळे उडी रद्द करणं हा त्यांचा अगदी योग्य निर्णय होता. पैशांचं बोलणं मात्र लेखी करून घ्यायला हवं होतं, ते मी केलं नाही. तुम्ही व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या.

चांगल्या केंद्राला हे प्रश्न नवे नसतात. उत्तर देताना कुणी चिडलं, तर तिथेच थांबा.

कुणी जाऊ नये

वयाची खालची मर्यादा बहुतेक ठिकाणी १८ वर्षं. वजनाची वरची मर्यादा ९० ते १०० किलोच्या दरम्यान असते, काही ठिकाणी स्त्रियांसाठी थोडी कमी, आणि उंचीच्या प्रमाणातही बघतात. तिथे काट्यावर उभं करतात. फोनवर पाच किलो कमी सांगून उपयोग नाही. पॅराशूट किती वजन पेलणार आणि उतरताना वेग किती असणार, हे त्या आकड्यावर ठरतं.

गरोदरपण, हृदयविकार, आकडी येणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया, मणक्याचा त्रास, ठिसूळ हाडं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. खांदा पूर्वी निखळला असेल तर आवर्जून सांगा. मोकळं पडताना हात पसरलेले असतात, वाऱ्याचा जोर थेट खांद्यावर येतो आणि जुना खांदा पुन्हा निखळू शकतो.

आणि सर्दी. हिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. १३,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. मोकळं पडताना एका मिनिटाच्या आत तुम्ही सात-आठ हजार फूट खाली येता आणि बाहेरचा दाब भराभर वाढतो. नाक, घसा मोकळा असेल तर आवंढा गिळून कान सुटतो. नाक चोंदलेलं असेल तर कानाचा पडदा आत ओढला जातो आणि भयंकर दुखतं. माझ्या भावाला त्या दिवशी सर्दी होती. तारीख जाईल म्हणून त्याने तिथे सांगितलंच नाही, मलाही नाही. उतरल्यावर तो हसत होता, पण डावा कान धरूनच. पुढचे आठ दिवस त्याला त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. फॉर्मवर खरं लिहा, तारीख पुन्हा मिळते.

तारकर्ली किंवा गोव्याला स्कूबा डायव्हिंग करून लगेच उडी मारायचा बेत असेल तर मध्ये किमान २४ तास जाऊ द्या. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधी उंचीवर गेलं की तो बुडबुड्यांच्या रूपात सुटतो.

प्रवास विम्याची कागदपत्रंही वाचा. नेहमीच्या पॉलिसीत साहसी खेळ सहसा वगळलेले असतात. थोडे जास्त पैसे भरून ते जोडून घेता येतात.

दोन आठवडे आधी, घरी

आता मूळ मुद्द्याकडे. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसा, पाठ टेकवा, पायात बूट घाला. दोन्ही पाय गुडघ्यात फारसे न वाकवता समोर उचला, मांड्या खुर्चीवरून सुटेपर्यंत. मनात दहा अंक मोजा. मग सोडा. असं पाच वेळा.

पहिल्या दिवशी मला सहा अंकांपर्यंतच जमलं. पोटाच्या खालच्या भागात आणि मांड्यांत कळ आली. रोज ऑफिसहून आल्यावर करत गेले, दहाव्या दिवशी पंधरापर्यंत पोचले. पोट मोठं असेल, सिझेरियन झालं असेल, वय पन्नाशीपुढे असेल, तर पाय उचलणं हीच या उडीतली सगळ्यात कष्टाची गोष्ट ठरते आणि आधी कुणी तसं सांगत नाही.

हात मदतीला घ्यायलाही शिका. दोन्ही हात गुडघ्यांच्या खाली घालून पँटचं कापड मुठीत धरायचं आणि पाय छातीकडे ओढायचे. ही हालचाल इतक्यांदा करा की विचार न करता जमेल. एवढं करूनही पाय उचलत नसतील तर घाबरू नका, पण इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा. तो वारा बघून ठरवेल, किंवा आज नको म्हणेल. दोन्ही उत्तरं ऐकून घ्या.

दुसरा सराव शरीराच्या बाकाचा. जमिनीवर पालथं झोपा. कमर जमिनीवर दाबा, छाती आणि गुडघे वर उचला, मान मागे. शरीराचा आकार केळ्यासारखा होतो. हवेत हाच आकार हवा असतो, कारण कमर पुढे आणि हातपाय मागे असले की वारा दोघांना पोट खाली ठेवून स्थिर धरतो. पोटात गोळा आला म्हणून अंग चोरून घेतलं की दोघंही डोलायला लागतात. इन्स्ट्रक्टर ते सावरतो, पण त्याचं काम वाढतं.

आदला दिवस आणि सकाळ

आदल्या दिवसापासून दारू नाही. रात्री नीट झोपा. सकाळी उपाशीपोटी जाऊ नका, ही फार जण करतात ती चूक. उलटी होईल या भीतीने काही खात नाहीत, मग तीन-चार तास उन्हात थांबतात आणि चक्कर येते ती त्यानेच. दोन इडल्या, उपमा, केळं, असं काहीतरी हलकं खा. मिसळ दुसऱ्या दिवशी.

कपडे अंगाबरोबरचे आणि ताणले जाणारे. ट्रॅक पँट आणि टी-शर्ट उत्तम. दर हजार फुटांमागे तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं, म्हणजे खाली ३२ अंश असतील तर वर दार उघडतं तेव्हा ६-७ अंशांची हवा अंगावर येते. पूर्ण बाह्यांचं काहीतरी आत घाला. बूट लेसचे, घट्ट बांधलेले. सँडल, चप्पल, टाचांचे बूट चालत नाहीत.

अंगावरचं सगळं उतरवायचं: मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, अंगठ्या, कानातलं, घड्याळ. मंगळसूत्र काढताना माझा हात क्षणभर अडखळला होता, लपवत नाही. पण गळ्यातली साखळी हार्नेसखाली दबली की कातडी कापते, आणि वाऱ्यात सुटली तर इन्स्ट्रक्टरच्या चेहऱ्यावर जाते. खाली थांबणाऱ्या माणसाच्या हातात द्या, लॉकरमध्ये ठेवू नका, म्हणजे मन तिथे अडकत नाही. लांब केसांची घट्ट वेणी घालून ती कपड्यांच्या आत खोचा. मोबाइल बरोबर न्यायचा नाही. चष्मा असेल तर सांगा, चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल असतात.

साडी नेसून उडी मारायचं मनात असेल तर पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांचं नाव येतंच. त्यांनी २०१८ साली थायलंडमध्ये पट्टायाजवळ नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली. पण त्याआधी त्यांच्या गाठीशी शेकडो उड्या होत्या, आणि २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारून त्यांनी सुरुवात केली होती. पहिल्या टँडमला साडी, ओढणी, दुपट्टा काहीच नको.

ड्रॉप झोनवर

ओळखपत्र मूळ न्या. दुबईत पासपोर्ट किंवा तिथलं ओळखपत्र लागतं. मग जबाबदारीचा फॉर्म. त्यात मृत्यू हा शब्द दोन-चारदा येतो आणि वाचताना हात थंड पडतात. तरी पूर्ण वाचा, आजारांचा रकाना खरा भरा, मग सही करा.

बोलावलेली वेळ म्हणजे उडीची वेळ नव्हे. आम्हाला सकाळी साडेनऊला बोलावलं होतं आणि विमानात बसलो एक वाजता. वारा, ढग, खालून जाणारी दुसरी विमानं, सगळं जुळावं लागतं. त्या दिवशी परतीचं विमान ठेवू नका. एक दिवस हातचा राखा.

माहिती देतात ती दहा-पंधरा मिनिटांची. लक्ष देऊन ऐका. भाषा बहुधा इंग्रजी असते आणि इन्स्ट्रक्टर कुठल्याही देशाचा असू शकतो. वर वाऱ्याच्या आवाजात दोनच हाका कामाला येतात. ‘आर्च’ म्हणजे कमर पुढे, केळ्याचा आकार. ‘लेग्ज अप’ म्हणजे पाय वर. तिसरा इशारा खुणेचा, खांद्यावर दोन थापा: आता हात सोडून पसरा. आईला किंवा काकांना घेऊन जाणार असाल तर या दोन हाका आणि एक खूण घरीच पाठ करून घ्या.

हार्नेस घालताना पट्टे मांडीच्या अगदी वर, जांघेत बसतात. खाली ते सैल वाटतात. घाबरून ओढू नका, विमानात तो स्वतः आवळतो.

इन्स्ट्रक्टरशी दोन वाक्यं बोलून घ्या. मी सांगितलं, ‘मला भीती वाटते, आणि पाय उचलायला मला थोडा वेळ लागतो.’ त्याने माझे पाय खालीच तीनदा उचलून बघितले आणि म्हणाला, वर असताना तुला जरा आधी सांगेन. त्या एका वाक्याने माझं निम्मं ओझं उतरलं.

व्हिडिओ दोन प्रकारे काढतात. एकात इन्स्ट्रक्टरच्या मनगटावर कॅमेरा, दुसऱ्यात शेजारी वेगळा माणूस उडी मारून तुमच्यासमोर पडत राहतो. दुबईत व्हिडिओ आणि फोटो दरातच धरलेले असतात, इतरत्र विचारा. पहिल्या उडीतलं फार थोडं आठवतं. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, व्हिडिओवर नको.

विमानात

वर पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि हीच सगळ्यात लांब वाटतात. आम्ही होतो ते ट्विन ऑटर विमान. आत लांब बाकं, त्यावर एकामागे एक पाय फाकवून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या मागे त्याचा इन्स्ट्रक्टर. माझ्या इन्स्ट्रक्टरने मनगटावरचं उंचीचं घड्याळ दाखवलं. काटा ४वर होता, म्हणजे ४,००० फूट. मला वाटलं पोचलो, खाली बेट खेळण्याएवढं दिसत होतं. तो म्हणाला, अजून तिप्पट.

साधारण १०,००० फुटांवर तो तुम्हाला मागे ओढून घेतो आणि कड्या अडकवतो. एक, दोन, तीन, चार, खटके ऐकू येतात. मी मोजले. तुम्हीही मोजा, आणि हवं असेल तर त्याला पुन्हा तपासायला सांगा, कुणी वाईट मानत नाही. मग पट्टे इतके आवळले जातात की तुमची पाठ त्याच्या छातीला चिकटते. श्वास घ्यायला थोडं जड वाटतं, ते चालतं. वाटेत दर थोड्या वेळाने आवंढा गिळत राहा.

दार आणि पुढची पन्नास सेकंदं

दार उघडलं की आवाज आणि थंडी एकदम आत येते. दाराशी पोचल्यावर हात छातीवरच्या पट्ट्यांवर, डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, पाय विमानाच्या खाली मागे दुमडलेले. दाराची चौकट धरायची नाही. घाबरलेला हात आपोआप तिकडे जातो, म्हणून अंगठे पट्ट्यांत खोचूनच ठेवा. खाली बघू नका, समोर क्षितिज बघा.

आकाशपाळण्यात पोटात खड्डा पडतो तसं इथे होत नाही. विमान आधीच वेगात पुढे जात असतं, तुम्हीही त्या वेगानेच बाहेर पडता आणि हळूहळू वळून खाली येता. हवा सगळीकडून दाबून धरते. पडतोय असं वाटत नाही, जोरदार वाऱ्यावर पालथं झोपलोय असं वाटतं.

काही सेकंदांत मागे एक हलका हिसका बसतो. ते मुख्य पॅराशूट नव्हे, ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट आहे. दोन माणसांचं वजन एकत्र असल्याने वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात गेला असता. ड्रोग तो दोनशेच्या आत आणून ठेवतं, म्हणजे एकट्या माणसाच्या वेगाएवढा. हिसका बसला म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे.

खांद्यावर दोन थापा पडल्या की हात पसरा, कोपरात वाकवून.

श्वास घेता येत नाही असं अनेकांना वाटतं. हवा भरपूर असते, घाबरून छाती आवळली जाते एवढंच. ओरडा. ओरडायचं तर आधी श्वास घ्यावाच लागतो. मी काय ओरडले ते व्हिडिओत ऐकू येत नाही, पण ओठांवरून ‘आई’ दिसतं.

पॅराशूट उघडल्यावर

पाच हजारांच्या आसपास तो खूण करतो. हात परत पट्ट्यांवर घ्या. मग कुणीतरी काखेत धरून उभं करावं तसं शरीर वर खेचलं जातं, पाय खाली झुलतात, आणि आवाज संपतो. इतका आवाज आणि मग काहीच नाही. कापडाची फडफड, दोरांची बारीक शीळ. मागून इन्स्ट्रक्टर साध्या आवाजात विचारतो, ठीक आहेस ना? आणि तुम्हाला ते ऐकू येतं.

इथे मांड्यांचे पट्टे काचतात. तो कमरेच्या कड्या थोड्या सैल करतो, तेव्हा तुम्ही दोन-तीन इंच खाली सरकता. एकदम सरकल्यासारखं वाटतं आणि काळजाचा ठोका चुकतो, पण खांद्याच्या कड्या तशाच असतात. तो सांगेलही, तरी आधीच माहीत असू द्या.

आता पाचेक मिनिटं आहेत. नाक दाबून हळूच फुंकर मारा, कान मोकळे होतील. तो दोर हातात देऊन वळायला सांगेल. गरगर वळणं घेतली की पुष्कळांना मळमळतं. नको असेल तर स्पष्ट सांगा, तो सरळ आणेल. मळमळलंच तर दूरच्या एका बिंदूकडे बघत राहा.

मुख्य पॅराशूट उघडताना काही बिघडलं, तर पुन्हा काही क्षण खाली पडल्यासारखं वाटेल आणि मग दुसरा हिसका बसेल. तेव्हा तुमचं काम एकच: हात पट्ट्यांवर, अंग बाकदार, कशालाही हात लावायचा नाही.

शेवटची दहा सेकंदं

अजून वर असतानाच तो एकदा पाय उचलायची तालीम घेतो. घेतली नाही तर तुम्हीच म्हणा, करून बघू या. हवेत लटकताना ते खुर्चीपेक्षा वेगळं लागतं, कारण खाली आधार नसतो. इथे घरचा सराव कामी येतो.

खाली येताना इन्स्ट्रक्टर पॅराशूट वाऱ्याच्या तोंडाला वळवतो, म्हणजे पुढे जाण्याचा वेग कमी होतो. धावपट्टीजवळचा वाऱ्याचा मोजा दिसला तर बघा, तो फुगलेला असेल आणि त्याचं शेपूट तुमच्याकडे असेल. शंभरेक फुटांवरून जमीन अचानक धावून आल्यासारखी वाटते आणि इथे प्रत्येकाचा पाय आपोआप खाली जातो. जिना उतरताना पुढची पायरी चाचपतो ना, तसाच. शरीराची ती सवय मोडायची आहे.

‘लेग्ज अप’ ऐकलं की हात गुडघ्याखाली, कापड मुठीत, पाय समोर आणि वर. त्याचे पाय तुमच्या पायांच्या मागे आहेत, त्याला आधी जमीन मिळायला हवी. तुमचा पाय आधी टेकला तर तो तिथेच अडतो, मागून त्याचं आणि पॅराशूटचं सगळं ओझं तुमच्यावर येतं आणि घोटा मध्ये सापडतो. शेवटच्या क्षणी तो दोन्ही दोर खाली ओढतो, पॅराशूट वर उचलल्यासारखं होतं, वेग मरतो आणि तुम्ही गवतावर बसता किंवा बसून घसरता. वारा चांगला असेल तर तो ‘स्टँड’ म्हणेल, तेव्हाच पाय खाली. तो काही म्हणाला नाही तर बसूनच राहा.

माझे पाय थरथरत होते पण वर होते. बूट डोळ्यांसमोर होते, त्यांच्यामध्ये हिरवळ सरकत येताना दिसली, आणि आम्ही हळूच बसलो, रिक्षा थांबावी तसे.

उतरल्यानंतर

कड्या सोडेपर्यंत उठू नका. वाऱ्याने पॅराशूट पुन्हा फुगलं तर ओढलं जातं. पाणी प्या, थोडं गोड खा. अर्धा-एक तास हात कापतात, म्हणून गाडी दुसऱ्याला चालवू द्या. कान दुसऱ्या दिवशीही सुटले नाहीत, दुखत राहिले, तर डॉक्टरांकडे जा. मांड्यांवर पट्ट्यांचे निळे वळ दोन-चार दिवस राहतात.

निघण्याआधी पॅराशूट बांधण्याची जागा बघायला मिळते का, विचारा. आम्हाला एका शेडमध्ये नेलं. दहा मिनिटांपूर्वी ज्याच्याखाली मी लटकत होते, तेच कापड जमिनीवर पसरलेलं होतं, गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांसारखं लांबच लांब. बांधणारा मुलगा केरळचा होता. तो त्यावर गुडघे टेकून आतली हवा बाहेर काढत होता, मग घडी, पुन्हा गुडघे, पुन्हा घडी, आणि मध्ये मध्ये थांबून प्रत्येक दोर बोटांवरून सोडत होता. त्या सगळ्या वेळात त्याने एकदाही मान वर केली नाही. पिशवी बंद करून त्याने नोंदवहीत सही केली, ती मांडणीवर ठेवली आणि पुढचं कापड ओढून घेतलं.